बर्फ पिकायची वेळ

केळव्यापासून तारापूरपर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्यावर बर्फाविषयी अधिकारवाणीनं बोलू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी मोठी नणंद आहे. बाकी आम्हा सगळ्यांचा बर्फाशी संबंध मासळीच्या पेटीपुरता, फार तर उन्हाळ्यात काडीवरच्या गोळ्यापुरता. वन्संचं तसं नाही. हिमाचलातल्या एका शिखरावर काल संध्याकाळी वारा कुठून होता, रात्री आभाळ होतं की चांदणं, पहाटे बर्फ घट्ट धरला की नाही, हे त्यांना सकाळचा चहा उकळायच्या आत ठाऊक असतं, आणि चहा कपात पडेपर्यंत ते साऱ्या आळीला ठाऊक झालेलं असतं. शिखराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकदा चारचौघांत मी ते घेतलं, तेव्हा वन्संनी माझा उच्चार दोनदा सुधारला आणि शेवटी म्हणाल्या, "जाऊ दे गो, तू नको घेऊस त्याचं नाव. बिचारं घाबरेल." लग्न होऊन या घरात आले त्या दिवसापासून मी धक्के खात आले आहे, पण वन्संनी या एका डोंगरापायी जे दिले त्यांनी माझं काळीज कायमचं थोडं खाली सरकलं असावं असं मला वाटतं.

आता मुळात या बाई अशा नव्हत्या हो. लग्न केलं नाही. केळव्याची नारळ, सुपारी आणि पानवेलींची वाडी सांभाळली, आणि आमच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सांभाळलं. अण्णा कितीतरी वर्षं अंथरुणावर होते. माझे यजमान, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ बाबू, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, म्हणून आमचं बिऱ्हाड बोईसरला. आम्ही शनिवार-रविवारचे पाहुणे. त्यामुळे वन्संचा प्रवास म्हणजे अण्णांच्या औषधांसाठी पालघर, आणि कोणी अगदीच जवळचं वारलं तर डहाणू. त्याच्यापुढे नाही. अण्णा गेले आणि ज्याला त्याला वन्संच्या रिकाम्या वेळेची काळजी लागली. कोणी म्हणालं काशीला जा, कोणी म्हणालं भजनी मंडळात ये, शेजारच्या काकूंनी तर एक मांजराचं पिल्लू आणून दिलं. वन्संनी पिल्लू ठेवून घेतलं, बाकीच्यांना "बघू" म्हणाल्या, आणि मागच्या दोन खोल्या रंगवून मुंबईच्या पर्यटकांना राहायला द्यायला लागल्या. आम्ही म्हटलं, चला, बाई मार्गी लागल्या.

कसल्या मार्गी! एका शनिवारी त्या खोल्यांत चार डोंगरवेडी मुलं-मुली उतरली. जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती, वन्संनी सोलकढी वाढता वाढता डोकावलं. त्याच शिखरावरचा बर्फाचा पांढराशुभ्र उतार, आणि पायांना लांब पट्ट्या बांधलेली एक बाई त्याच्यावरून नागमोडी घसरत येतेय. वन्संनी वाटी तशीच हातात धरून ते पूर्ण बघितलं आणि म्हणाल्या, "परत लाव." त्या रात्री त्यांनी ते किती वेळा लावायला लावलं कोण जाणे, पण सकाळी मुलं निघाली तेव्हा वन्संना स्की, चढाई आणि वसंतातला बर्फ यांचं पूर्ण ज्ञान झालेलं होतं. ते त्यांनी मला पुढच्याच रविवारी दिलं. थंडीतला बर्फ भुसभुशीत, त्याचा भरवसा नाही. वसंतात तो बसतो. दिवसा वितळतो, रात्री गोठतो, असं होता होता दाणा धरतो. "पहाटे कैरीसारका कडक, तेव्हा चढायचं," वन्सं म्हणाल्या. "ऊन आलं की वरून जरा मऊ होतो, पिकतो, तेव्हा माथ्यावरून घसरत खाली यायचं. आणि दुपार झाली की नासला. मग तिथं थांबायचंच नाय, अख्खा उतार अंगावर येतो." मी त्या वेळी कोयतीनं नारळ सोलत होते. मी म्हटलं, "बरं." मला काय ठाऊक पुढे काय वाढून ठेवलंय!

त्यानंतर बाईंची सगळी वागणूकच बदलली. खोलीवरच्या पाहुण्यांनी विचारावं, "काकू, भरती कधी आहे?" आणि काकूंनी सांगावं, "वर काल रात्री आभाळ होतं, बर्फ धरलाच नाय." पाहुणे समुद्राकडे बघायचे, मग एकमेकांकडे. थंडी सोसायची सवय व्हावी म्हणून त्या एकदा नवापूरला गेल्या आणि मासळीच्या बर्फाच्या खोक्यात अनवाणी उभ्या राहिल्या. होय, पाय पोटऱ्यांपर्यंत बर्फात, पदर खोचलेला, डोळे मिटलेले. मी बाजार करायला बरोबर गेले होते, तर मासेवाल्यांच्या घोळक्यात मला आधी कळेना की कोणाला काय झालंय. खोक्याची मालकीण कमरेवर हात ठेवून उभी. "काय गो बाय," ती वन्संना म्हणाली, "पापलेटाच्या संगती तुला पन मुंबईला धाडू काय?" वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या, "तुजा बर्फ खरबरीत हाय." मी तिथल्या तिथं तोंड फिरवून कोलंबीचा भाव विचारायला लागले.

पाठीवर वजन घेऊन चढायची सवय हवी, म्हणून त्यांनी पोत्यात नारळ भरून काळदुर्गावर चढायला सुरुवात केली. नारळच का? तर म्हणे घरचे आहेत. वाटेत मोळ्या घेऊन उतरणाऱ्या पाड्यावरच्या बायका थांबून बघायच्या. त्यातली एक म्हातारी न राहवून बोललीच, "बाय, वर बाजार नाय भरत." पण खरा कळस झाला तो केळव्याच्या सुरूच्या बनात. पोफळीची झावळी गळून पडते ना, तिच्या बुडाशी चांगली रुंद, चामड्यासारखी विरी असते. लहान पोरं तीत बसतात आणि दुसरी पोरं ती ओढतात. वन्संनी दोन विऱ्या पायांना सुंभानं बांधल्या, हातात दोन बांबू घेतले, आणि वाळूच्या टेकाडावरून रविवारच्या भर गर्दीत खाली सुटल्या! माझ्या पायाखालची वाळू सरकली ती तेव्हाच, आणि हे मी शब्दशः सांगतेय, कारण जाता जाता त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. आम्ही दोघी शहाळेवाल्याच्या गाडीपाशी थांबलो. मुंबईच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमान दुरून हे बघत होते, ते जे वळले ते थेट गाडीत जाऊन बसले.

मग एके वसंतात बाई देवदर्शनाला उत्तरेत गेल्या. आम्हाला आनंदच झाला. परतल्या तेव्हा नाक भाजलेलं, डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा गोरा पट्टा, आणि प्रसाद म्हणून पिशवीभर अक्रोड. "कुठला देव?" मी विचारलं. "उंचावरचा," वन्सं म्हणाल्या. नंतर कळलं की त्या स्की शिकायच्या वर्गात नाव घालून आल्या होत्या, बाकी सगळे कॉलेजातले, आणि बाई सरळ घसरायला, वळायला आणि मुख्य म्हणजे थांबायला शिकून आल्या होत्या. शिवाय कोणाच्या तरी जुन्या स्की विकत घेऊन आल्या होत्या. त्या माळ्यावर सुपाऱ्यांच्या पोत्यांमागे दडवलेल्या मला सापडल्या तेव्हा मी मटकन खालीच बसले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच पावसाळ्यात वन्संचे गुडघे सुजले, आणि बोईसरच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं की दोन्ही गुडघे झिजलेत, बदलावे लागतील. वन्संनी विचारलं, "घसरायला किती गुडघा लागतो?" डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन वर्षभर लांबवता येईल, त्याहून जास्त नाही, आणि ऑपरेशननंतर चालायचं, जिने चढायचे, वाडीत फिरायचं, पण बर्फ आणि घसरणं कायमचं बंद. म्हणजे हातात एकच वसंत उरला. परतताना आम्ही रिक्षात बसलो. सालवडच्या फाट्यापाशी वन्सं म्हणाल्या, "मला त्या डोंगराच्या माथ्यावर एकदा उभं राहायचंय गो. एकदाच. आणि स्वतःच्या पायांनी खाली यायचंय. आजवर कोणाकडं काय मागितलं नाय मी." रिक्षावाल्यानंसुद्धा आरशातून मागे बघितलं. घरी यजमान आधी "ताई, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" म्हणून ओरडले, मग ताईचं तोंड बघून वरमले, आणि शेवटी मला म्हणाले, "तू जा बरोबर." मी! जिला चढ म्हटला की बोईसर स्टेशनचा पूल आठवतो!

तर असे आम्ही त्या शिखराच्या पायथ्याशी तंबूत. वाटाड्या तिथल्याच गावचा, बोलायला मऊ, कामात कडक. पहिल्या दिवशी त्यानं वन्संना "माताजी" म्हटलं. वन्संनी त्याला थांबवलं, "माताजी कोण? दीदी बोलो." तो दीदी म्हणू लागला. त्यानं तंबूजवळच्या उतारावर कित्येक दिवस त्यांचा सराव घेतला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की या बाईला हे खरोखर येतंय. फार सुंदर नाही, पण येतंय. संध्याकाळी वन्संनी घरून आणलेले सुके बोंबील स्टोव्हवर भाजले, त्या वासानं वाटाड्या तंबूबाहेर पळाला आणि बराच वेळ आत येईना. नारळ फोडून डोंगराला वाहिला, त्यातलं खोबरं त्याच्या हातावर ठेवलं तेव्हा तो आला. मला वाटलं, जमतंय. रात्री आभाळ निरभ्र, चांदण्या अशा की हात लावावा. "उद्या बर्फ धरणार," वन्सं म्हणाल्या. वाटाड्यानं मान डोलावली, "कल का दिन है, दीदी. उसके बाद मौसम बिगड़ेगा."

आणि आता सांगते ती तेलाची गोष्ट.

आमच्या केळव्यात खोबरेल तेल ज्याला लागत नाही अशी वस्तू नाही. दार कुरकुरलं, तेल. खण अडकला, तेल. बोटातली अंगठी निघेना, पंपाचा दांडा सरकेना, मुलाचं नाक चोंदलं, पाटा नवा आणला, वाडीतल्या कोयत्याला गंज चढला, सगळ्याला घरच्या घाण्याचं तेल. जे अडतं ते तेलानं सुटतं, एवढं आमचं साधं शास्त्र. वन्संनी बाटली बरोबर आणलीच होती. निजायच्या आधी त्यांनी स्कींचे तळ हातानं चाचपले, त्यांना ते कोरडे वाटले. मग बाटली उशाशी उबेला धरली, आणि सरावाच्या दमणुकीनं मी घोरत असताना त्यांनी स्वतःच्या स्कींना, आणि बिचाऱ्याचं कोण करतो म्हणून वाटाड्याच्याही स्कींना, पोटच्या पोराला लावावं तसं निगुतीनं तेल चोळलं. उरलेलं माझ्या टाचांना लावलं, ते मला सकाळी कळलं.

आता बघा, स्कीवरून डोंगर चढताना तिच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवावी लागते. त्या पट्टीमुळे स्की पुढे जाते आणि मागे घसरत नाही. माथ्यावर पोचलं की पट्टी सोलून काढायची आणि सुटायचं. उजाडायच्या आत वाटाड्या बाहेर गेला, पट्टी चिकटवली, ती पडली. पुन्हा चिकटवली, पुन्हा पडली. त्यानं बॅटरी धरली. तळावर मेणबत्तीसारखा पांढरा थर गोठलेला. तो आत आला आणि फक्त एवढंच म्हणाला, "दीदी, ये क्या है?" वन्सं अगदी कौतुकानं म्हणाल्या, "नारियल का तेल. घर का है. अभी सर्रकन जाएगा." त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खिशातून चाकू काढला आणि खाली बसून खरवडायला लागला.

मी खरवडलं, त्यानं खरवडलं, वन्संनी खरवडलं. स्टोव्ह पेटवून फडकं गरम करून पुसलं. पट्ट्यांच्या गोंदालाही तेल लागलेलं, तेही पुसलं. वन्संची नखं तेलानं आणि बर्फानं पांढरी झाली होती. आणि आमच्या डोळ्यांदेखत समोरचा उतार निळ्याचा गुलाबी झाला आणि गुलाबीचा पिवळा. एवढा अप्रतिम बर्फ धरला होता हो त्या दिवशी! बूट आपटला तर टणटण वाजत होता. ती चढायची वेळ, आणि आम्ही तिघं भांडी घासत बसल्यासारखे बसलो होतो. मला असा राग आला, कोणाचा ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी पट्ट्या कशाबशा धरल्या, वर दोरीनं बांधल्या, आणि निघालो. डोंगराच्या खांद्यापर्यंत चढ सोपा होता, म्हणून मीसुद्धा बुटांना काटे लावून मागोमाग गेले.

खांद्यावर पोचलो आणि माथा दिसला. खूप जवळ. इतका जवळ की मला वाटलं केळव्याच्या घरापासून समुद्र, तेवढाच. वर कोणी नव्हतं, वारा नव्हता, सगळं लख्ख. पण ऊन तिथं आमच्या आधी पोचलं होतं. वाटाड्या थांबला, वन्संकडे बघेना, उताराकडे बघत राहिला. मी ओळखलं की त्याला सांगायचं धाडस होत नाहीये. आणि मी मनाची तयारी केली, कारण या बाईला मी ओळखते. ही आता हट्टाला पेटणार, आणि हिला आवरायला आम्ही दोघं पुरणार नाही. वन्संनी हातातली काठी उलटी धरली आणि बर्फात खुपसली. काठी चार बोटं आत गेली. त्यांनी ती काढली, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा खुपसली. तिथंही तेच.

"पिकला," वन्सं म्हणाल्या. "वर जाऊन येईपर्यंत नासेल. चला."

मी थक्क झाले. मीच म्हणायला लागले, "अहो वन्सं, एवढं आलोय, थोडंच राहिलंय, विचारा तरी त्याला!" माझ्याच तोंडून! वन्संनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माजं तेल, माजी सकाळ," त्या म्हणाल्या. "त्या पोराला घरी बायको हाय. तुला बाबू हाय. माज्या चुकीवर तुमाला कशाला चालवू?" वाटाड्यानं आपली टोपी काढली आणि पुन्हा घातली. मला रडू आलं, ते मी गॉगलमागे ठेवलं.

मग त्या खाली वाकल्या, पट्ट्या सोलून काढल्या, गुडघा एकदा दाबला आणि सुटल्या. मी मागे उभी. त्या क्षणी माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, "वन्सं, सावकाश!" पण मी तोंड मिटलं. अण्णांच्या खोलीतून दिवसाला पन्नास हाका यायच्या, अंगणात पाऊल टाकलं की हाक, बसायला पाट घेतला की हाक. आणि त्या प्रत्येक हाकेला ही बाई मागे फिरली होती. आज तरी नको. वर साखरेच्या दाण्यासारखा मऊ झालेला बर्फ, खाली अजून घट्ट, आणि त्याच्यावरून साठीला टेकलेली माझी नणंद मोठमोठी वळणं घेत खाली चालली होती. एकदा पडल्या, उठल्या, पुन्हा सुटल्या. मध्येच एक आरोळी ऐकू आली. वाटाड्या दचकला. मी म्हटलं, "घाबरू नको, आनंदाची आहे." मला तरी तसंच वाटलं.

त्या रात्रीपासून हवा बिघडली आणि आम्ही परत आलो. ठरल्याप्रमाणे ऑपरेशन झालं. आता वन्सं वाडीत काठी न घेता फिरतात. खोल्यांवर पाहुणे येतात, ओसरीवर लटकवलेला वन्संचा बर्फातला फोटो बघून विचारतात, "काकू, शिखर सर केलंत?" आणि वन्सं सांगतात, "नाय." एवढंच. मला दरवेळी वाटतं, पुढे काहीतरी जोडावं, इतकं राहिलं होतं, असं झालं होतं. पण त्या मला जोडू देत नाहीत. "नाय म्हंजे नाय गो."

या वर्षी होळी होऊन गेल्यावर एका सकाळी मी केळव्याला असताना वाटाड्याचा फोन आला. मी फोन त्यांच्या कानाला लावला, कारण त्यांच्या हाताला पीठ लागलं होतं. तो मोठ्यानं बोलतो, मला सगळं ऐकू येत होतं. "दीदी, रात को आसमान साफ था. बर्फ ऐसा जमा है, पूछो मत. मैं ऊपर जा रहा हूँ, सोचा आपको बता दूँ." वन्सं म्हणाल्या, "जाओ, जाओ. लवकर निकलो. ऊन मत होने दो." मग म्हणाल्या, "ऊपर जाके मेरी तरफ से थोड़ा खड़ा रहना." तो हो म्हणाला. मी फोन ठेवला.

वन्संनी दोन भाकऱ्या थापल्या. तिसरी परातीत तशीच राहिली आणि त्या रडायला लागल्या. हळूच डोळ्यांतून पाणी वगैरे नाही, तर लहान मुलासारखं, तोंड उघडून, मोठ्यानं. मी हादरलेच. अण्णा गेले त्या दिवशी ही बाई आलेल्या माणसांना चहा देत होती. तेव्हा नाही, गुडघे कापले तेव्हा नाही, आणि आता एका डोंगरासाठी! "दिसत होता गो," त्या म्हणाल्या, "एवढा जवळ दिसत होता." तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.